एझ्रिकची काठी कुठे रोवायची

सॉयर्स लँडिंग, दक्षिण अँड्रॉस
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय लिव्ही,

तुझी तार वेळेवर मिळाली. फुलं डाकबोटीवर अडकली होती, त्यामुळे पोहोचेपर्यंत सुकली. तरी मी ती टाकली नाहीत.

तुझ्या भावाला शनिवारी निरोप दिला. देऊळ भरलं होतं, माणसं बाहेर उभी होती. लॉजवर मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांपैकी दोघं अमेरिकेतून आले होते. त्यातला एक म्हातारा खूप रडला. आमच्याकडची माणसं त्याच्याकडे बघत राहिली. तू आला नाहीस. लोकांनी विचारलं तेव्हा बंदरात कामाची गर्दी असेल, असं मी सांगितलं. खरं कारण तुला माहीत.

कसं झालं ते विचारलं होतंस. तो पाहुण्यांना लॉजवर सोडून घरी आला, नाव ढकलायची लांब काठी नेहमीसारखी ओसरीला टेकवली आणि बूट काढायला पायरीवर बसला. मी आत होते. एक बूट पडल्याचा आवाज आला. दुसऱ्याचा आला नाही म्हणून बाहेर आले. इतकंच. मी नर्स आहे, लिव्ही. जे करायचं असतं ते सगळं केलं.

आता कामाचं. मी एल्युथेरा बेटावरची, तुमच्याकडची ही रीत मला लग्नानंतर कळली. वाटाड्या गेला की त्याची काठी त्याच्या सगळ्यात आवडत्या उथळ पाण्यात रोवायची. ती आपोआप पडेपर्यंत तिथे कुणी पाहुण्यांना घेऊन जायचं नाही. आणि रोवायची रक्ताच्या माणसाने. आम्हाला मूल नाही. तू एकटाच आहेस.

काठी ओसरीवर दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली आहे. आत जाताना रोज तिला वळसा घालावा लागतो.

पण रोवायची कुठे? मी एझ्रिकबरोबर त्या पाण्यात एकदाही गेले नाही. वाटाड्यांच्या बायका जात नाहीत, आणि मला दवाखाना होता. म्हणून सगळ्या वाटाड्यांना बोलावून विचारलं.

बुला रॅमिंग म्हणाला, "नर्सबाई, एझचा जीव पेलिकन खाडीच्या तोंडावर. शपथेवर सांगतो."

आपल्या देवळाचे डीकन सँड्स म्हणाले, "पेलिकन खाडी? तिथे मासा आला तर रस्ता चुकून येतो. एझला आवडायचं ते मोठ्या तिवरामागचं."

"तिवरामागचं! डीकन, तुम्ही तिथे पाहुण्याला नेलंत तर तो नावेतच घोरायला लागेल."

"मी निदान पाहुण्याला जागं तरी ठेवतो. तू गाणी म्हणतोस आणि मासे पळवतोस."

असं तासभर चाललं. मी कॉफी दिली. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण मासे नसलेली जागा सांगतोय. चांगली जागा सांगितली तर ती बंद होईल ना! हसू आलं मला. एझ्रिक गेल्यापासून पहिल्यांदाच आलं असेल.

तू त्याच्याबरोबर वाढलास. तुला माहीत असेल. नोव्हेंबरपासून पाहुणे यायला लागतात, त्याआधी ये आणि हे संपव.

तुझी वहिनी,
अल्बर्था


एट माइल रॉक, ग्रँड बहामा
३० सप्टेंबर १९८६

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र परत परत वाचलं. तो एका बुटाचा आवाज कानातून जात नाही.

मी येऊ शकलो नाही त्याबद्दल काय लिहू? बंदरात गर्दी आहेच. नोव्हेंबरातही जमेल असं वाटत नाही. बुलाला सांगा माझ्या जागी रोवायला. आम्ही एका बाकावर बसून शिकलो, मी त्याला माझ्या रक्ताचा समजतो. कुणी काही म्हणालं तर माझं हे पत्र दाखवा.

जागा मला माहीत आहे. मिस ऑलिव्हच्या मागचं उथळ. देवळाच्या टोकापलीकडे तिचं जळलेलं घर आहे ना, त्याच्या पाठीमागे तिवरांच्या आत. बुला हसेल. हसू दे.

इथे खिडकीतून दिवसभर जहाजं दिसतात. त्यांच्याकडे बघत बसलो की एझ आठवतो. लहानपणी आई आम्हाला जाळं घेऊन पाठवायची. तेव्हा बोनफिश म्हणजे आमचं जेवण. आई मासा हातात धरून त्याची पाठ कडकन मोडायची, म्हणजे काटे सुटे होतात. मग मीठ, मिरची, लिंबू लावून दगडी चुलीत. हा मासा पकडून सोडून द्यायला कुणी अमेरिकेहून येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर आईने त्याला वेड्यात काढलं असतं. पहिला पाहुणा आला तेव्हा काढलंच. "त्याला विचार, भूक नाही का त्याला?" असं ती एझला म्हणाली होती.

मासा बघायला मला एझनेच शिकवलं. पांढऱ्या चिखलावर पांढरं पाणी, त्यात आरशासारखा मासा. दिसतच नाही. मला रडू यायचं. तो म्हणायचा, "लिव्ही, मासा शोधू नकोस. तळ बघ. तळाचा एखादा तुकडा हलला की तो मासा." आठवडाभर मी नुसता तळ बघितला. मग एके दिवशी तळ हलला. मी इतका जोरात ओरडलो की सगळा थवा गेला. त्याने माझ्या डोक्यात टपली मारली आणि स्वतःच हसत बसला.

त्यानंतर मी त्याचा नावाडी झालो. मी मागे काठीवर, तो पुढे. "दहा वाजता, लिव्ही, दहा वाजता!" म्हणजे नावेचं नाक बारा धरलं तर डावीकडे जरा पुढे. इथे बंदरात कुणी वेळ विचारली तरी माझी मान अजून तिकडे वळते.

हे पत्र खालच्या मिसेस क्युरी टाकतील. त्यांचा स्वभाव फार चांगला. माझ्या साखरेचं म्हणाल तर तशीच आहे, वर-खाली.

तुमचा,
लिव्हिंग्स्टन


सॉयर्स लँडिंग
१५ ऑक्टोबर १९८६

लिव्हिंग्स्टन,

तुझं पत्र वाचून मी वाटाड्यांना पुन्हा बोलावलं. मिस ऑलिव्हचं नाव काढलं. बुलाला हसू आवरेना. "नर्सबाई, तिथे खेकडे आणि एक म्हातारी बकरी! एझ तिथे बकरी बघायला जायचा का?"

डीकन सँड्स मात्र हसले नाहीत. लगेच उठले आणि टोपी काढून म्हणाले, "भावाचा शब्द म्हणजे शब्द. मिस ऑलिव्हच्या मागे. ठरलं." आणि बाकी सगळे इतक्या घाईने माना डोलवायला लागले की मला कळलं, हे आधीच ठरलेलं होतं.

बुलाने तुला पत्र लिहिलं होतं का? खरं सांग. डीकननी? मासे नसलेली जागा सांग, पाहुण्यांचे दिवस जवळ आले, असं कुणी सुचवलं?

मला एझ्रिकने जेवताना सांगितलेल्या गोष्टी आठवतात. त्या सगळ्या 'लांब वाळू'च्या उथळावरच्या. तिथे अमुक पाहुण्याला एवढा मासा लागला, तिथे दोर सगळा सुटला, तिथे तो म्हातारा पाण्यात गुडघ्यांवर बसून माशाला सोडताना काहीतरी पुटपुटत होता. मिस ऑलिव्हच्या उथळाचं नाव त्याने माझ्यापुढे उभ्या आयुष्यात काढलेलं नाही. आणि तीच त्याची आवडती जागा?

सोपी जागा हवी असती तर मी पेलिकन खाडी घेतली असती. त्यासाठी तुला लिहिलं नसतं.

मी लांब वाळू म्हणाले. डीकन संध्याकाळी परत आले, या वेळी बायकोला घेऊन. "नर्स, लांब वाळू बंद झाली तर गावाचा हिवाळा कसा जायचा?" मी म्हणाले, "ज्याने तुम्हाला ती वाळू दाखवली तो आमच्या घरातला होता."  त्यांच्या बायकोने माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. नंतर वाईट वाटलं.

तू येणार नसशील तर काठी मी रोवीन. रक्ताची नाही, पण घरातली आहे.

अल्बर्था


एट माइल रॉक
२७ ऑक्टोबर १९८६

वहिनी,

मला कुणीही पत्र लिहिलेलं नाही. बुला लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेतसुद्धा त्याच्या पाटीवर मीच लिहायचो.

लांब वाळूत रोवू नका. तिथे एझ कामाला जायचा. पंचवीस वर्षं त्याने तिथे दुसऱ्यांना मासे दाखवले. काठी एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट पुढे, "अकरा वाजता सर, चाळीस फूट, टाका आता." पाहुण्याने चुकवलं की "काही हरकत नाही सर." आपल्याकडे वाटाड्या स्वतः गळ टाकत नाही. टाकला तर बाकीचे चिडवून जगू देत नाहीत, आणि लॉजवाल्यांनाही आवडत नाही. लोकांना वाटतं एझने जन्मात कधी रॉड धरला नाही.

त्याने धरला होता. मिस ऑलिव्हच्या मागे.

मी त्याला शब्द दिला होता, तुम्हाला सांगणार नाही म्हणून. आता तो शब्द धरून ठेवला तर तुम्ही काठी चुकीच्या जागी रोवाल. तेव्हा सांगतो. रागावणार असाल तर माझ्यावर रागवा.

तो रविवारी जायचा. देवळातून निघाल्यावर.

तुम्ही देवळात व्यवस्थेला असायचात, पांढरे हातमोजे घालून. सगळे गेले तरी तुम्ही खुर्च्या लावायला, देणगी मोजायला थांबायचात. एझ म्हणायचा, मी नावेतलं पाणी उपसून येतो. रविवारी मासेमारी म्हणजे तुमच्या दृष्टीने केवढं पाप, ते त्याला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही एका पोऱ्याला रविवारी गळ घेऊन जाताना अडवलं होतं आणि तो गळ सोमवारपर्यंत दवाखान्याच्या कपाटात ठेवला होता. एझने ती गोष्ट मला हसून हसून सांगितली, आणि मग म्हणाला, "लिव्ही, तिला कळता कामा नये."

रॉड एका पाहुण्याने दिलेला. टोक तुटलेला, एझने दोऱ्याने बांधून घेतला होता. मिस ऑलिव्हच्या अंगणातल्या दगडी चुलीत तो पिठाच्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा. गळाची खोटी माशी स्वतः बांधायचा, कोंबडीच्या पिसाची. मी गाव सोडेपर्यंत मागे काठीवर मी असायचो. नंतर एकटाच जायचा, चालत, पँट वर करून.

वहिनी, मी खूप मोठी जहाजं बघितली, खूप माणसं बघितली. तसा माणूस पुन्हा बघितला नाही. रॉड मागे जायचा, थांबायचा. तो थांबा फार लांब असायचा, मला वाटायचं आता गेलं. मग दोर पुढे यायचा आणि माशी पाण्यावर अशी टेकायची, जणू कुणी ती हाताने ठेवली. मासा लागला की तो ओरडायचा नाही. मागे वळून माझ्याकडे बघायचा. बस. मग सोडून द्यायचा. मी म्हणायचो, "आईला कळलं तर?" तो म्हणायचा, "आईला काय, कुणालाच कळायला नको."

मासे तिथे फार नव्हते. आम्ही गेलो की दोन-तीन दिसायचे. त्यालाही गर्दी नको होती.

म्हणून मिस ऑलिव्ह. बाकी तुमची इच्छा.

लिव्हिंग्स्टन


सॉयर्स लँडिंग
५ नोव्हेंबर १९८६

लिव्ही,

पत्र मिळालं. उत्तर नंतर लिहीन. तब्येत बरी आहे.

अल्बर्था


सॉयर्स लँडिंग
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय लिव्ही,

उशीर झाला. तुझं पत्र मी कपाटात ठेवलं आणि काही दिवस त्या खोलीत गेले नाही.

मी रागावले होते. तुझ्यावर नाही. गेलेल्या माणसावर रागावलं की तो राग ठेवायचा कुठे, हे कुणी शिकवत नाही. माझ्यासमोर बसून तो रविवारचं जेवण जेवायचा. तुरीच्या दाण्यांचा भात, कोंबडी, पेरूचा गोड रोल. मी विचारायचे, "नावेत पाणी फार होतं का?" तो म्हणायचा, "होतं थोडं." आणि आणखी भात मागायचा. देवळाची काळी पँट सोमवारी मी धुवायचे. गुडघ्याखाली मिठाची पांढरी रेघ असायची. एवढी वर्षं मी ती रेघ धुतली आणि नावेला शिव्या दिल्या, की इतकी गळकी नाव दुरुस्त का करत नाहीस! बिचाऱ्याने शेवटी ती दुरुस्त करून घेतली. रेघ तशीच राहिली. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या रविवारी देवळातून मी आधी निघाले. खुर्च्या डीकनच्या बायकोवर सोपवल्या. तिला वाटलं मला बरं नाही. टोकाला वळसा घालून चालत गेले, टाचांच्या चपला हातात घेऊन.

चुलीत पोतं होतं. पोत्यात रॉड होता. टोकाला लाल दोरा बांधलाय. तो दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला आहे, लिव्ही. हरवला म्हणून मी तो सगळीकडे शोधला होता.

मी मागे उथळापर्यंत गेले. ओहोटी होती. नुसता चिखल, खेकड्यांची बिळं आणि बकरी. बुलाने सांगितलेली बकरी खरीच आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला काही दिसलं नाही. पण तू लिहिलंयस तो थांबा, रॉड मागे गेल्यावरचा, तो मला ओळखीचा वाटला. एझ्रिक बोलतानाही असा थांबायचा. मी घाईने त्याचं वाक्य पुरं करायचे.

तर मिस ऑलिव्ह. डीकनना जाऊन सांगितलं, आणि त्यांच्या बायकोचा हात मी आपण होऊन धरला. पाहुणे आले आहेत, लांब वाळूवर नावा चालू आहेत. काठी अजून ओसरीवर आहे. ती बुला रोवणार नाही. तूच रोवणार.

आता दुसरं. तू बंदरात कामाला जात नाहीस. कामाला जाणाऱ्या माणसाला दिवसभर खिडकीतून जहाजं दिसत नाहीत. पत्रं खालच्या बाई टाकतात, म्हणजे तू जिना उतरत नाहीस. भावाच्या मातीला आला नाहीस. साखर "वर-खाली" असं लिहून पुढचं सगळं गाळलंस. एवढी वर्षं मी या बेटावर साखरेच्या आजाऱ्यांचे पाय धुतले आहेत.

कोणता पाय?

वहिनी


एट माइल रॉक
३ डिसेंबर १९८६

प्रिय वहिनी,

डावा. गुडघ्याखाली. जुलैत.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. एक खिळा लागला होता, मला कळलाच नाही. तुम्ही इथे असता तर मला चार शब्द सुनावले असते आणि पाय राहिला असता. एझ गेल्याची तार आली तेव्हा मी दवाखान्यातच होतो. त्याला सांगायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही "ये" म्हणाला असता. आणि मला यायचं नाही. म्हणजे यायचं आहे, पण असं नाही. त्या गावात मी नावेच्या मागच्या टोकावर उभा राहणारा लिव्ही होतो. वाऱ्यात, लाटेत, एका काठीवर. एझ म्हणायचा, "माझ्या भावाच्या नावेत कॉफी सांडत नाही." आता मला बुलासारखी माणसं डाकबोटीवरून पोत्यासारखं उतरवणार आणि अख्खं गाव धक्क्यावर उभं राहून बघणार. आणि काठी रोवायची कशी? ती चिखलात घालायला दोन पाय लागतात. एका पायावर मी स्वतःच आधी रोवला जाईन.

लाकडी पाय आहे. कोपऱ्यात उभा असतो. माझं आणि त्याचं जमत नाही.

तुम्ही रोवा, वहिनी. मी मनापासून सांगतो. कुणाचं काही ऐकू नका.

लिव्ही


सॉयर्स लँडिंग
१० डिसेंबर १९८६

प्रिय लिव्ही,

पुढच्या शनिवारी इथे पोहोचणारी डाकबोट पकड. मी कॅप्टनला सांगून ठेवलं आहे, तो एट माइल रॉकमधल्या कुणाला तरी तुझ्या दारात पाठवेल. लाकडी पायही आण, तो नीट बसतोय का ते मी बघते. त्याचं आणि तुझं जमत नाही याचं कारण बहुतेक पट्टा आहे. बहुतेकांचं तेच असतं.

धक्क्यावर गाव जमणार नाही. मी त्या शनिवारी दुपारी देवळात भजनाची तालीम ठेवली आहे आणि सगळ्यांना यायला सांगितलं आहे. कुणाची टाळण्याची हिंमत नाही. धक्क्यावर फक्त बुला असेल. त्याला मी पायाचं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. शाळेत शर्यतीत तो मला कधीच जिंकू द्यायचा नाही. आता बघतो." असं म्हणून बाहेर गेला आणि माझ्या विहिरीजवळ पाठ करून बराच वेळ उभा राहिला.

काठी चिखलात कशी घालायची ते तिथे गेल्यावर बघू.

ओसरीवरची एक खुर्ची तुला लागेल. तेव्हा ती काठी हलवावीच लागणार आहे.

वहिनी


सॉयर्स लँडिंग
१८ जानेवारी १९८७

प्रिय लिव्ही,

मिसेस क्युरीचं पत्र आलं. तू स्वतः जिना उतरून दुकानात गेलास, असं तिने लिहिलं आहे. पट्टा एका घराने आणखी सैल ठेव. जखमेवर पावडर कमी टाक, तू फार टाकतोस.

काठी रोवली त्या दिवशीची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तेव्हा मुद्दामच बोलले नाही.

उत्तरेचा वारा पडला होता आणि ऊन आलं होतं. बुलाने तुला पाण्यात उतरवलं आणि मी चपला काढून तुझ्यामागे उतरले. त्या चिखलाने माझे पाय असे धरले की कुणी मिठीच मारली असं वाटलं. तू म्हणालास, "वहिनी, मी पडणार." मी म्हणाले, "तुझ्यामागे नव्वद किलोची नर्स आहे. तू कुठे पडतोस?" आणि तुला कमरेला धरलं. काठी तीन वेळा वाकडी गेली. मग बुलाला राहवलं नाही. "सरक बाजूला, वाळक्या!" म्हणत तोही उतरला, आणि तुझ्या हातांवर हात ठेवून त्याने सगळं अंग त्या काठीवर टाकलं. मनात काही शंका नव्हती त्याच्या. खेकड्यांची जागा, बंद झाली तर काय बिघडतं! काठी इतकी आत गेली की माझ्या खांद्याएवढी उरली.

मग तू कपाळ काठीला टेकवलंस आणि तसाच राहिलास. मी तुला धरून होते. तू काही बघत नव्हतास. म्हणून तुला दिसलं नाही.

भरती येत होती. तिवरांच्या बाजूने पाणी जरा थरथरलं. मला वाटलं वारा. मग पाण्यातून चांदीचं काहीतरी वर आलं, मधल्या बोटाएवढं, आणि हललं. मग दुसरं. मग कितीतरी, तू लिहिलेस तसे दोन-तीन नव्हेत. सगळी पाण्यावर उभी राहून चमकायची आणि बुडायची, पुन्हा वर यायची. ती आपल्याकडेच येत होती.

मी बुलाकडे बघितलं. एरवी तोंड बंद न राहणारा माणूस, तो तोंड उघडं टाकून उभा होता. मी हळूच विचारलं, "बुला, ते काय?"

"शेपट्या," तो म्हणाला. "डोकं खाली घालून खातात तेव्हा शेपटी वर येते." मग त्याचा आवाज बारीक झाला. "नर्सबाई, मी आयुष्यात एका जागी इतके मासे बघितले नाहीत."

ते तुझ्या पायाजवळून गेले, लिव्ही. लाकडी पायाच्या दोन्ही बाजूंनी. त्यातला एक तर तुझ्या अंगठ्याएवढं अंतर ठेवून थांबला, आणि मग बाकीच्यांबरोबर गेला. मी तुला हाक मारणार होते. पण तू रडत होतास, आणि मासे घाबरले असते. एवढं मला वाटाड्याच्या घरात राहून कळलं आहे.

तू गेल्यावर बुला माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि भडाभडा बोलला. "खेकडे, म्हणे! बकरी, म्हणे! नर्सबाई, बकरीचं मला कुणी सांगितलं होतं माहीत आहे? एझने! मी एकदा तिकडे नाव वळवली तर म्हणाला, 'बुला, वेळ घालवू नकोस, तिथे बकरीशिवाय काही नाही.' आणि मी मूर्ख, पुढे सगळ्यांना तेच सांगत फिरलो. डीकनना सांगितलं, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लबाड माणूस!" असं म्हणून तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला दम लागला. मी पाणी दिलं.

डीकनना त्याने अजून सांगितलेलं नाही. त्यांना वर्षभर रात्री झोप लागणार नाही, असं तो म्हणतो.

हल्ली रविवारी देवळातून निघाल्यावर बुला आणि मी मिस ऑलिव्हच्या पडक्या भिंतीपर्यंत जातो. त्याला काठी बघायची असते. मला शेपट्या. भरतीची वेळ मी आता दवाखान्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवते. मागच्या आठवड्यात मी बुलाच्या आधी एक मासा बघितला. "अकरा वाजता," मी म्हणाले. त्याने बघितलं आणि मान हलवली. "चाळीस फूट, नर्सबाई. तुम्ही अंतरही सांगायला पाहिजे." पुढच्या वेळी सांगीन.

काठीकडे बघून तो दर वेळी उसासा टाकतो. मागच्या वेळी म्हणाला, "ही हलतसुद्धा नाही. कुठल्या गाढवाने एवढी खोल घातली!"

"तूच," मी म्हणाले.

"वादळाच्या दिवसांत पडेल का हो?"

"पडेल तेव्हा पडेल," मी म्हणाले. "तोवर ते उथळ त्याचं आहे."

तुझी वहिनी,
अल्बर्था